एक बटण चुकलं, राव!

वीकएण्डला तुम्ही काय करता? मॉल, मूव्ही, लोळणं? मी गेल्या शनिवारी लोहाराचं घर बांधायला घेतलं. लेगोचं! 2021 साली आलेला 'मेडिव्हल ब्लॅकस्मिथ'. तुकडे फक्त 2164. मूळ डिझाइन एका चाहत्याचं. त्याला 10,000 जणांचा पाठिंबा मिळाला, तेव्हा कुठे कंपनीनं सेट काढला.

खाली दगडी भिंतींची भट्टी, वर स्वयंपाकघर, त्याच्यावर झोपायची खोली. मध्ययुगीन युरोपातल्या घरांसारखी लाकडी चौकट आणि मधे गिलावा. शनिवारी आपला स्पीड सॉलिड होता. रविवारी दुपारी मात्र वरचा मजला बसेचना! दोन तास शोधाशोध. शेवटी सापडलं. अगदी तळाची एक वीट एक बटण सरकली होती. एक बटण म्हणजे अवघे 8 मिलिमीटर.

रूममेट म्हणाली, "अगं, दाब जोरात. कोणाला दिसतंय?"

हाच डायलॉग मी रोज स्वतःला मारते. डेडलाइन आहे ना, चालवून घे. लेख जातो, छापूनही येतो. विटेला मात्र 'चालवून घे' कळत नाही. जाम जिवावर आलं, पण अख्खी भिंत उतरवली.

रात्री एकला छप्पर चढलं. भट्टीतला चिमुकला दिवा लावला, निखारे उजळले. घरातले दिवे बंद करून आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो.

सोमवारी एक लेख पाठवायचा होता. पाठवण्याआधी पहिल्या ओळीपासून परत वाचला. दुसऱ्याच परिच्छेदात एक आकडा चुकला होता.