मातीतील मूक कष्टकरी

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन वायूचा आहे, तरीही नायट्रोजनवाचून पीक पिवळे पडते. या वायूच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की, वनस्पतींना तो हवेतून थेट घेता येत नाही. ती घट्ट गाठ सोडवण्याचे काम डोळ्यांना न दिसणारे जीवाणू करतात.

तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरील बारीक गाठींत रायझोबियम जातीचे जीवाणू राहतात. वनस्पती त्यांना अन्न पुरवते आणि ते हवेतील नायट्रोजनचा अमोनिया करून तिला देतात. १८८८ मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जीवाणू गाठींतून वेगळे केले. मातीतील काही जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, तर काही नायट्रेटचा पुन्हा वायू करून तो हवेला परत करतात. देण्याघेण्याचा हा हिशेब युगानुयुगे चालू आहे.

विसाव्या शतकात नायट्रोजनयुक्त खत कारखान्यात तयार होऊ लागले. भारताची अन्नटंचाई दूर करण्यात या खताचा मोठा वाटा आहे. तो नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. मात्र स्वस्त आहे म्हणून युरियाचा अतिरेक करणे शहाणपणाचे नाही. पिकाने न घेतलेले नायट्रेट पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. ते तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते. जादा खत मिळाले की, जीवाणूंकडून नायट्रस ऑक्साइडही अधिक बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या कालावधीत हा वायू तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट अधिक उष्णता अडवतो. यात दोष जीवाणूंचा नसून, हात न आवरणाऱ्या माणसाचा आहे.

ज्वारीत किंवा कपाशीत तुरीच्या ओळी घेणे ही जुनी रीत आहे. तिच्या जोडीला कडधान्याच्या बियाण्यास पेरणीपूर्वी रायझोबियम संवर्धक चोळावे आणि मातीची तपासणी करूनच खताची मात्रा ठरवावी. कडधान्याला भाव मिळेल की नाही, ही शेतकऱ्याची शंका रास्त आहे. म्हणून हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. युरिया स्वस्त ठेवण्यासाठी शासन खर्च करते. तशीच हमी कडधान्याच्या खरेदीलाही मिळाली पाहिजे. मातीतील हे कष्टकरी मजुरी मागत नाहीत. त्यांना काम करू देणारी शेती मात्र समाजाने जपली पाहिजे.