काडतूस आधी उजेडात पाहा

भात लोंबीवर आले की कोकणात रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वर्षभराची मेहनत तुडवून जातो. मग पीकसंरक्षणाचा परवाना असलेला शेतकरी कपाटातली बारा बोअरची बंदूक बाहेर काढतो, पुसतो, नळीतून आरपार पाहतो. काडतुसांकडे मात्र क्वचितच कोणी निरखून पाहतो. जून ते सप्टेंबरचा दमटपणा ज्या पेटीत मुरला, त्याच पेटीतली गेल्या वर्षीची, कधी वडिलांच्या काळातलीही काडतुसे अंधारात चाचपडून नळीत सरकवली जातात. त्यातले एखादे दगा देते, तेव्हा जखम होते ती बहुधा डोळ्याला आणि नळीखाली धरलेल्या हाताला.

दुकानातून पावती करून आणलेले काडतूस म्हणजे निर्धोक, असा समज पक्का आहे. काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले असो की परदेशी, बाहेर पडताना ते तपासलेले असते, हे खरे. पण ती तपासणी त्या दिवसापुरती असते. नंतरची ओल, उन्हाची धग, आपटणे, पेटीत तेल सांडणे यांचा हिशेब कारखाना ठेवू शकत नाही. तो वापरणाऱ्यानेच ठेवायचा असतो.

तपासणीला दोन मिनिटे पुरतात. ती दिवसाउजेडी, बंदूक बाजूला ठेवून करावी. आधी पितळी बूड पाहावे. किंचित काळवंडलेले पितळ चालते. हिरवा थर, गंज किंवा खड्डे चालत नाहीत. बुडाच्या मधोमध असलेली कॅप बुडाशी समपातळीत किंवा जराशी आत असावी. ती वर आलेली असेल, तर बंदूक मिटतानाच बार उडण्याचा धोका असतो. कॅपवर खळगा असेल, तर त्या काडतुसावर एकदा घोडा पडून गेलेला आहे. ते पुन्हा वापरू नये. मग कागदी किंवा प्लास्टिकची भिंत पाहावी. चीर, खोल पोचा किंवा फुगवटा दिसला की काडतूस बाद. कागदी काडतूस ओल धरून फुगते आणि नळीत अडते. ते अंगठ्याने रेटू नये. शेवटी तोंडाची घडी पाहावी. ती सैल झाली असेल, छरे निसटत असतील, तर तेही बाजूला काढावे.

दोन चुका डोळ्यांना सहज चकवतात. पहिली, वीस बोअरचे काडतूस. ते बाराच्या नळीत टाकले तर पुढे सरकून अडकते. नळी रिकामीच आहे असे वाटून मागे बाराचे काडतूस भरले आणि चाप ओढला, की नळी हाताशीच फुटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा पडली. दोन्ही बोअरची काडतुसे एका पेटीत किंवा एका खिशात ठेवूच नयेत. दुसरी चूक लांबीची. जुन्या बंदुकांचे घर अनेकदा 65 मिलिमीटरचे असते, नवी काडतुसे बहुधा 70 मिलिमीटरची. ही लांबी बार उडून घडी उलगडल्यानंतरची असते. त्यामुळे लांब काडतूसही आखूड घरात बिनतक्रार बसते, पण उलगडायला जागा न मिळाल्याने आतला दाब वाढतो. नळीवरचा आकडा आणि खोक्यावरचा आकडा जुळतो का, हे आधीच पाहावे.

बाहेरून सगळे ठीक दिसले, तरी आतली दारू ओली झालेली असू शकते. ते हलवून किंवा वजन करून कळत नाही. म्हणून बार नेहमीसारखा न वाजता नुसता ‘फुस्स’ झाला, तर तिथेच थांबावे. डाट नळीत अडकलेला असू शकतो. बंदूक रिकामी करून, नळी मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत दुसरे काडतूस भरू नये. चाप ओढूनही बार उडालाच नाही, तर तोंड निर्धोक दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबावे. तो उशिराही उडू शकतो.

ओली काडतुसे उन्हात किंवा चुलीजवळ वाळवणे, त्यांना तेल पुसणे, घरी उकलून पुन्हा भरणे, हे सगळे घातक. तेल कॅपमध्ये झिरपून ती निकामी करते. बाद काडतूस विस्तवात, कचऱ्यात किंवा विहिरीत टाकू नये. नळीबाहेर पेटलेल्या काडतुसाच्या चिरफळ्या जवळच्या माणसाचा डोळा फोडू शकतात. ते वेगळे ठेवून परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करावे. काडतुसे हाताळल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. छरे आणि कॅप दोन्हींत शिसे असते.

तरीही अपघात झाला, तर डोळा चोळू नये, धुऊ नये, रुतलेला तुकडा काढू नये. डोळ्यावर दाब न देता कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टी लावावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. हातातून रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने दाबून हात उंच धरावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात, मग पिशवीत ठेवून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी; बर्फ थेट बोटाला लावू नये. परवान्याची चौकशी होईल या धास्तीने सकाळपर्यंत थांबणे सर्वांत महागात पडते. फुटलेल्या डोळ्यासाठी एकेक तास मोलाचा असतो.

दोष केवळ शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाचा नाही. परवान्यावर मिळणारी काडतुसे मोजकी आणि महाग. मग जुने काडतूस टाकून द्यायला हात धजत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे, पण ज्यांच्या घरात बंदूक दोन पिढ्यांपासून आहे, त्यांना काडतूस कसे पारखावे हे कोणी शिकवायचे? निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदुका ठाण्यात जमा होतात, परवान्याचे नूतनीकरणही होते. त्या वेळी काडतुसांची नुसती मोजदाद न करता ती पाहून घ्यावीत आणि बाद काडतुसांच्या बदल्यात तेवढीच नवी घेण्याची मुभा द्यावी. यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

डुकरांनी नासलेले पीक पुढच्या पावसात पुन्हा उभे राहते. गेलेला डोळा परत येत नाही. राखणीला निघण्यापूर्वी, सूर्य मावळायच्या आत, ती पेटी एकदा अंगणात उघडावी.