वाशिमकरांनो, गाण्यावर भांडा, पण ऐकून

नवं गाणं आलं की तासाभरात निकाल लागतो. ‘भंगार’, ‘चोरी’, नाहीतर थेट ‘देवमाणूस’! संगीतकाराच्या जातीपासून गायिकेच्या दिसण्यापर्यंत सगळं निघतं, गाणं तेवढं राहून जातं. चित्रपटगीतावर जाणतेपणाने, आब राखून लिहायची मराठीतली रीत डोळ्यांदेखत बुडते आहे. ती वाचवायची हाक वाशिमातून जावी, कारण मान आपला आहे.

हजारेक वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. तीत सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष देशोदेशी हिंडतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग असते, आणि दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. (वऱ्हाडी पाहुणचार मानवला असावा.) याच ग्रंथात रसिकांच्या चार तऱ्हा आहेत. अरोचकीला काही रुचतच नाही. सतृणाभ्यवहारी गवतासकट सगळं गिळतो. मत्सरी गुण दिसूनही गप्प बसतो. चौथा तत्त्वाभिनिवेशी, खऱ्याचा ध्यास घेतलेला. तो हजारांत एखादा, असं खुद्द राजशेखरच म्हणतो. पहिल्या तिघांचं पीक आज अमाप आहे. जगवायचा आहे तो चौथा.

मराठीत तो होता. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर लिहीत, आणि प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला (१९३६) संगीतही त्यांचंच. चाल बांधताना काय अडतं, ते ठाऊक असलेला हा समीक्षक. कुमार गंधर्वांचा लता मंगेशकरांवरचा लेख काढून वाचा. शास्त्रीय गवय्याने चित्रपटगीताला त्यात भरभरून मान दिला आहे, तरी करुण रसाला लताबाईंनी पुरता न्याय दिला नाही, हेही तिथेच सांगून टाकलं आहे. मला ते पटत नाही. पण माणसावर एक शिंतोडा नाही, म्हणून त्यावर वाद घालता येतो. उलट टोकाला बाळकृष्ण केसकर, आपलेच, पुण्याचे. १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. लोकांनी रेडिओ सिलोन लावला, आणि १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली.

आता ‘सैराट’ (२०१६) घ्या. अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसला पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवला. ‘नुसता गोंगाट’ म्हणायला काही लागत नाही. व्हायोलिनांचा ताफा अंतऱ्यात शब्दांवर चढतो का, कुठे तो गाणं उचलतो नि कुठे नुसता शेजारी उभा राहतो, हे सांगायला तेच गाणं चार वेळा ऐकावं लागतं. अशी टीका झोंबेल, पण संगीतकाराच्या कामी येईल.

म्हणून कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोऱ्याच्या मंडळींना सांगणं आहे, लिहा. बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवणाऱ्या पोराला लिहितं करा. त्याचा कान आपल्यापेक्षा तयार असतो, फक्त त्याला कोणी विचारत नाही. गीतकाराचं आणि संगीत संयोजकाचं नाव गाळू नका. चोरी म्हणायची तर मूळ गाणं नि नेमकी ओळ दाखवा, नाहीतर शब्द मागे घ्या. ग्रंथालयांनी महिन्यातली एक संध्याकाळ एकाच गाण्याला द्यावी. आणि जिल्ह्यातल्या संपादकांनो, गाण्यातल्या एकाही जागेवर बोट न ठेवणारा मजकूर साभार परत करा, माझा असला तरी.