वळ कुणाच्या पाठीवर?

पैठणच्या नागघाटावर रेड्याची मूर्ती आहे. शुद्धिपत्र मागायला आळंदीहून आलेल्या चार भावंडांना इथल्या ब्रह्मसभेपुढे उभं राहावं लागलं आणि ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा घाटावर आलेल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. तिचा दुसरा तुकडा मात्र मागे पडतो. काही कथेकरी सांगतात की आसूड रेड्याच्या पाठीवर पडला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठला. परदेशी विकाससंस्थांच्या विश्वस्त मंडळांबद्दलचा सध्याचा वाद ऐकताना मला हा दुसरा तुकडा राहून राहून आठवतो.

वाद असा. लंडन-जिनिव्हात मुख्यालय असलेल्या संस्था ज्या गावांसाठी काम करतात, त्या गावांतली माणसं त्यांच्या मंडळावर असावीत की नसावीत? काहींनी पावलं टाकली. अ‍ॅक्शनएडनं या शतकाच्या सुरुवातीलाच आंतरराष्ट्रीय सचिवालय जोहान्सबर्गला हलवलं, ऑक्सफॅमनं पुढे नैरोबीला. 2016 मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत बड्या देणगीदारांनी कबूल केलं की 2020 पर्यंत आपत्तीच्या मदतनिधीतला 25 टक्के वाटा शक्य तितका थेट स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांच्या हाती जाईल. 2020 उलटलं, तो वाटा त्या आकड्याच्या जवळपासही फिरकला नाही. कचेरी हलवणं सोपं, तिजोरीची किल्ली हलवणं कठीण.

पूर्वपक्षाचा पहिला आक्षेप जुनाच आहे: गावच्या माणसाला ताळेबंद कळत नाही, कोट्यवधींचे निर्णय त्याच्यावर कसे सोडायचे? याचं उत्तर जामखेडनं पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे काम सुरू केलं, तेव्हा आरोग्यसेविका म्हणून गावोगावच्या बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, बऱ्याच दलित. त्या बाळंतपणं करायला शिकल्या, मुलांची वजनं घेऊ लागल्या, डॉक्टरांच्या बरोबरीनं बोलू लागल्या. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ 1988 मध्ये वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलल्या. अडलेली बाई सोडवायला शिकलेल्या बाईला ताळेबंद शिकवता येत नसेल, तर खोट शिकवणाऱ्यात आहे. आणि अज्ञान एकतर्फी कसं? लंडनच्या विश्वस्ताला सातबारा वाचता येत नाही, तरी त्याची लायकी कुणी काढत नाही.

तज्ज्ञांच्या हाती सगळं सोपवलं की काय होतं, तेही मराठवाड्यानं पाहिलंय. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा पट्टा कोसळला. मदत देशोदेशींहून आली, मनापासून आली. पुनर्वसित गावं मात्र सरळ रेघा आखून उभी राहिली. वाड्याचा चौक गेला, दारातली गुरं बांधायची जागा गेली, पिढ्यानपिढ्यांचा शेजार तुटला. घर मिळालं, पण त्यात नांदायचं कसं हे लोकांना नव्यानं शोधावं लागलं. त्याच भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीच्या टप्प्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगानं शेकडो गावांत बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. घरमालक, इंजिनिअर आणि सरकार यांच्यामध्ये या बायका उभ्या राहिल्या. आधी घरं बांधून मग माणसं विचारात घेणं आणि आधी माणसांना विचारणं, दोन्ही नमुने एकाच आपत्तीत सापडतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, म्हणून त्यावर थांबतो. स्थानिक नेता म्हणजे गट, भावकी, जात आणि पुढची झेडपीची निवडणूक. त्याला मंडळावर घेतलं की विहीर त्याच्याच शेताशेजारी निघणार. खोटं नाही हे. पाणलोट विकासाच्या कामांत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचे ठराव गावानंच केले, गावसमित्यांनीच राबवले. डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आलं. पण बंदीचा पहिला चटका मेंढपाळांना बसला. ज्यांची विहीरच नव्हती, त्यांची कुरणं बंद झाली. तेव्हा ‘स्थानिक’ म्हटलं की सगळं पवित्र, असं मी मुळीच म्हणणार नाही. कालव्यासारखं गावातही मुख आहे आणि शेपूट आहे.

पण पैठण तालुक्यातला माणूस या दुखण्यावर औषध सांगू शकतो, कारण त्याचं अख्खं आयुष्य कालव्यावर गेलंय. जायकवाडीचा पाया 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला. (प्रकल्पाचं नाव बीड जिल्ह्यातल्या एका गावाचं आणि धरण पैठणला, ‘जनसहभाग’ नावात आणि निर्णय भलतीकडे, हा प्रकार आम्हाला नवा नाही.) वरच्या धरणांनी पाणी अडवलं की नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, खाली राहतो, आणि कालव्याच्या तोंडाशी असलेल्यानं ऊस भिजवला की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची मोसंबी वाळते. सिंचनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा 2005 चा राज्याचा कायदा करणाऱ्यांनी हे ओळखलं. पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळावर मुख, मध्य आणि शेपूट अशा तिन्ही भागांतली माणसं घ्यावी लागतात, बायकाही घ्याव्या लागतात. टेलवाल्याचा हितसंबंध आहे म्हणून त्याला बाहेर ठेवा, असं त्या कायद्यात कुणी लिहिलं नाही. हितसंबंध आहे म्हणूनच त्याला आत घेतलं. सगळे हितसंबंध उघडपणे एका टेबलावर आले की एकमेकांना धाक राहतो. विहीर कुणाच्या शेताशेजारी निघतेय हे मेंढपाळाइतकं बारकाईनं लंडनचा हिशेबतपासनीस पाहणार आहे का?

कायद्याची अडचण पुढे करणारेही आहेत. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली, आणि असा निधी घेतलेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवण्याची वाट बंद झाली. तालुक्यातल्या छोट्या संस्थांची त्यानं मोठी पंचाईत केली. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. पैसा खाली झिरपत नसेल, तर पैशाचा निर्णय जिथे होतो तिथे खालच्या माणसानं जाऊन बसणं अधिकच निकडीचं ठरतं.

उरतो तो टोमणा: हे सगळं शोभेचं असतं. इथे मी आक्षेपकांच्या बाजूचा आहे. मंडळावर एक फेटेवाला किंवा नऊवारीतली बाई, वार्षिक अहवालात तिचा फोटो, आणि तिच्या तोंडी ‘शाश्वत’, ‘समावेशक’, ‘सक्षमीकरण’. रेड्यामुखी वेद तो हाच. नागघाटावरच्या चमत्कारानं सभेचा अहंकार उतरवला होता; इथे सभाच रेडा पाळते आणि वेदही स्वतःचेच म्हणवून घेते.

म्हणून माझं मागणं एका खुर्चीचं नाही. एकटा माणूस पाहुणा असतो, त्यामुळे निदान एक तृतीयांश जागा हव्यात. निवड संस्थेच्या जिल्हा अधिकाऱ्यानं करू नये, ग्रामसभेनं आणि बचत गटांनी करावी, आणि भूमिहीन व मेंढपाळ यांच्या जागा वेगळ्या धराव्यात. कागदपत्रं पंधरा दिवस आधी मराठीत यावीत. रोजंदारीवरच्या सभासदाची बुडालेली मजुरी मिळावी. ज्याला खाडा परवडतो तोच लोकसेवा करतो, हे आपण फार काळ चालवून घेतलंय. मुख्य म्हणजे प्रकल्प बंद करण्याच्या ठरावावर या सभासदांचं मत बंधनकारक हवं. संस्था गावात येते तेव्हा नारळ फुटतो, ढोल वाजतो. ती जाते तेव्हा फक्त पांढरी गाडी यायची थांबते. वळ उठतो तो तेव्हा.

सरपंचपतींचा दाखला देऊन कुणी हसेल. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर बायकांना राखीव जागा मिळाल्या तेव्हाही असंच हसले होते. नवरे खुर्चीत बसले हे खरं. तरी 2011 मध्ये महाराष्ट्रानं त्या जागा निम्म्यावर नेल्या, आणि आज अनेक गावांत ग्रामसेवकाला पावती मागणारी बाई दिसते ती त्या हसण्याला न जुमानता.

पहिली बैठक पैठणलाच घ्या, मे महिन्यात. सकाळी विश्वस्तांना कालव्याच्या टेलपर्यंत न्या, चारी कोरडी असेल तिथे. दुपारी विषयपत्रिका मराठीत वाचा, आणि पहिलं बोलायला टेलवाल्याला सांगा.