जोडचित्र : कला की फसवणूक?

परभणी : नातवाच्या लग्नाचे छायाचित्र. वधूवरांच्या मागे आजोबा उभे आहेत. प्रत्यक्षात ते या लग्नाच्या कितीतरी आधी निवर्तले. परभणी असो, सेलू, जिंतूर वा गंगाखेड, अशा जोडचित्रांची मागणी स्टुडिओचालकांना नवी नाही. पूर्वी हे काम कात्री, ब्रश आणि डार्करूममध्ये होई. आता ते संगणकावर होते. त्याला कोणी कला म्हणत नाही. फसवणूकही म्हणत नाही. आजोबा हयात नाहीत, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते.

हा विषय आज चर्चेत येण्याचे कारण वेगळे आहे. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या वा बदललेल्या चित्रांवर ठळक खूण सक्तीची करणारा मसुदा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. चित्राचा किमान १० टक्के भाग या खुणेने व्यापावा, असे त्यात म्हटले होते. फेब्रुवारी २०२६ मधील अंतिम नियमांत ही टक्केवारी वगळण्यात आली. बनावट चित्रांनी होणारी बदनामी पाहता नियमांचा हेतू रास्तच आहे. मात्र, जोडलेले प्रत्येक चित्र खोटे मानायचे काय, हा प्रश्न उरतो.

छायाचित्रकलेचा इतिहास याचे उत्तर नकारार्थी देतो. ज्या १८५७ साली मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयाचा पाया घातला गेला, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर यांनी तिसाहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र साकारले. अमेरिकेचे जेरी युल्समन यांनी अनेक एन्लार्जर वापरून, मुळांसकट अधांतरी तरंगणारी झाडे एका कागदावर उतरवली. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. झाड हवेत तरंगत नाही, हे पाहणारा जाणतो. ही अशक्यताच अतिवास्तव चित्राची प्रामाणिक कबुली ठरते.

भारतातील उदाहरण तर थेट घरातले आहे. चित्रकार विवान सुंदरम यांनी २००१ च्या सुमारास आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी टिपलेली कौटुंबिक छायाचित्रे संगणकावर जोडली. १९४१ मध्ये निधन पावलेल्या मावशी अमृता शेरगिल त्यांत वेगवेगळ्या वयांच्या आप्तांसोबत एकाच चौकटीत दिसतात. तंत्र पाहिले तर जिंतूरच्या स्टुडिओतील कारागीर वेगळे काय करतो? फरक आहे तो विचारपूर्वक मांडणीचा आणि त्या कामाला मिळालेल्या प्रतिष्ठेचा.

कृत्रिम बुद्धिमत्ता आज काही सेकंदांत चित्र निर्माण करते. त्यातील चेहरा कोणत्याही कॅमेऱ्यासमोर आलेला नसतो. जोडचित्रातील प्रत्येक तुकडा मात्र कधीतरी, कुठेतरी भिंगासमोर होता. म्हणूनच कसोटी तंत्राची नव्हे, दाव्याची असावी. 'हे असेच घडले' असे सांगून दिशाभूल करणारे चित्र कारवाईस पात्र आहे. 'हे घडणे शक्य नव्हते, तरी हवे होते' असे सांगणाऱ्या चित्राला मात्र संशयितांच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे होईल. हा विवेक सुटला, तर नियमांचा फटका अफवा पसरवणाऱ्यांपेक्षा स्टुडिओतील कारागिराला आणि प्रयोगशील कलावंतालाच अधिक बसेल.