पाणथळीचा सातबारा कुणाच्या नावे?

अमेरिकेतील बदकांच्या शिकाऱ्यांमध्ये एक स्वप्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. दहा-वीस समानशील मित्रांनी वर्गणी काढावी आणि ज्या जुन्या दलदलीच्या काठी आपले आजे-पणजे पहाटेच्या धुक्यात बंदूक घेऊन बसत, ती सबंध दलदल, तिच्यातील पाण्यासह आणि पक्ष्यांसह, मिळून विकत घ्यावी, असे ते स्वप्न. ते निव्वळ मनोराज्य आहे असेही नाही. ओहायो राज्यात एरी सरोवराच्या काठी विनस पॉइंट नावाचा शिकारी क्लब १८५६ साली अशाच रीतीने उभा राहिला, आणि तो आजही चालू आहे. त्याच परिसरातील ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ ही अफाट दलदल मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून कोरडी करण्यात आली आणि तिच्यावर शेते उभी राहिली. ज्या दलदलीला मालक होता ती राहिली, जिला नव्हता ती गेली, असा निष्कर्ष यावरून काढला जातो.

हा निष्कर्ष आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी गंभीरपणे तपासला पाहिजे. सरकारला काही राखता येत नाही, गावकऱ्यांना तर नाहीच. तेव्हा नद्या, माळराने, पाणथळी या निसर्गप्रेमी धनिकांच्या हाती सोपवाव्यात, असा विचार आपल्याकडील सुशिक्षित वर्गातही मूळ धरू लागला आहे. त्याला ‘खाजगी मालकी वाईट’ एवढे उत्तर देऊन भागणार नाही.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेला आमचे देवळे, तर दक्षिणेला निफाड तालुका. तेथे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. इंग्रजी राजवटीत विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला गेला. हेतू शेतीला पाणी देण्याचा होता, पक्ष्यांचा विचार कुणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. परंतु दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, उथळ पाणी पसरले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि मध्य आशियातून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांना ती जागा मानवली. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, वारकरी, क्रौंच अशा पक्ष्यांनी हे पाणी दर हिवाळ्यात गजबजते. १९८६ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले. २०१९ साली सुमारे १,४३७ हेक्टरांचे हे क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत समाविष्ट झाले. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ. लोक त्याला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात.

ही पाणथळ कुणी विकत घेऊ म्हटले तरी घेता येणार नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या विसाव्या कलमाप्रमाणे नद्या, नाले, तळी आणि त्यांतील पाणी ही शासनाची मालमत्ता आहे. १९४८ च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन खरेदी करण्यावर निर्बंध घातले, १९६१ च्या कायद्याने जमीनधारणेवर कमाल मर्यादा आली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची हौसही उरली नाही. म्हणजे अमेरिकन शिकाऱ्याचे स्वप्न आपल्याकडे कायद्यानेच बाद झाले आहे. समाजवाद्याला यात समाधान वाटावे. पण तेवढ्यावर थांबणे ही आत्मवंचना ठरेल. मालकी शासनाकडे गेली म्हणजे ती जनतेकडे आली, असे आपण फार काळ गृहीत धरीत आलो. ते किती भ्रामक आहे हे खुद्द भरतपूरच्या इतिहासात दिसते.

भरतपूरची पाणथळ ही संस्थानिकांची शिकारीची जागा होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीप्रीत्यर्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. असे आकडे कोरलेले शिलालेख तेथे अद्याप उभे आहेत. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली अभयारण्य झाले तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत टिकून राहिला. पुढे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ साली शासनाने एका फटक्यात भोवतालच्या गावांची गुरेचराई बंद केली. गावकरी चिडून उठले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. व्हाइसरॉयच्या बंदुकीला मज्जाव करायला जिथे दशके लागली, तिथे गरिबाच्या म्हशीला मज्जाव करायला एक आदेश पुरला.

त्यानंतर जे घडले ते अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. म्हशी जाताच पाण्यात गवत बेसुमार माजले, मोकळे पाणी आकसू लागले आणि बदकांना उतरायला जागा अपुरी पडू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दहा वर्षे केलेल्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला की म्हशींची चराई ही या पाणथळीच्या हिताचीच होती. ज्यांना शत्रू समजून बाहेर काढले तेच तिचे विनावेतन राखणदार होते.

हीच गोष्ट शिकाऱ्यांचीही आहे. शिकारी दोन प्रकारचे होते. एक बंदूकवाला, ज्याची शिकार ‘खेळ’ म्हणून प्रतिष्ठित ठरली. शिकारबंदीनंतर तो सन्मानाने निसर्गप्रेमी झाला. दुसरा फासेपारधी, जो पोटासाठी तितर-लावे धरीत असे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु संशय रद्द झाला नाही, आणि वन्यजीव कायद्यानंतर त्यांची परंपरागत विद्याही अपराध ठरली. शिकारबंदी आवश्यक होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बंदीची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न विचारणे समाजवाद्याचे कर्तव्य आहे. अकोला-वाशीम भागात फासेपारधी कुटुंबांनी तणमोरासाठी माळराने राखण्याचे काम हाती घेतले आहे. पक्ष्याच्या सवयी ज्याला ठाऊक, तो त्याचा उत्तम रक्षक होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

सामायिक मालमत्तेची नासाडी अटळ असते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली आपल्या गाजलेल्या लेखात मांडले. प्रत्येक जण आपले एक गुरू जास्त सोडतो आणि कुरण संपते. म्हणून एक तर खाजगी मालकी हवी, नाही तर शासनाचा दंडा. माझ्या पिढीच्या अनेक अध्यापकांनी हे वर्गात प्रमाण म्हणून शिकवले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, जंगले, मासेमारीची क्षेत्रे आणि पाटबंधारे तपासून त्याचे खंडन केले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जिथे वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, स्वतः देखरेख ठेवली आणि मोडणाऱ्याला स्वतः दंड केला, तिथे सामायिक साधने शतकानुशतके टिकली, असे त्यांना आढळले.

कसमादेच्या माणसाला हे समजायला नोबेल पारितोषिकाची वाट पाहावी लागू नये. मोसम, आरम आणि पांझरा या नद्यांवरील फड पद्धती आपल्या डोळ्यांसमोर आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एकच पीक, पुढच्या वर्षी फेरपालट. जमीन ज्याची त्याची, पण पाणी कुणाचेच नाही. पाटकरी पाणी फिरवतो, जागल्या पिके राखतो, आणि दोघांचा मोबदला गाव देते. पाणी अपुरे असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा हे मिळून ठरते. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्यामुळे दुष्काळाची झळ सर्वांना वाटून लागते. विहिरी, उपसा पंप आणि नदीच्या वरच्या अंगाला झालेली धरणे यांनी ही घडी पुष्कळशी विस्कटली. तरीही ती तीनशे-चारशे वर्षे टिकली, हे विसरता येत नाही.

मिळून विकत घेणे आणि मिळून राखणे यांतला फरक इथे स्पष्ट होतो. मिळून विकत घेतलेल्या वस्तूचे भाग पडतात. भाग वारसांकडे जातात, आणि वारसांना पैसा हवा झाला की भाग विकले जातात. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला शेतकऱ्यांनी भाग घेऊन सहकारी साखर कारखाना उभारला, तो आपल्या चळवळींना अभिमान वाटावा असाच क्षण होता. त्याच मार्गाने उभे राहिलेले कित्येक कारखाने पुढे कर्जबाजारी होऊन खाजगी हातांत गेले, आणि ज्याच्या घामाने भागभांडवल जमले तो सभासद बघत राहिला. फडातील पाण्याची पाळी मात्र कुणाला बाजारात विकता येत नसे. ती कसण्याशी आणि गावाच्या निर्णयाशी बांधलेली होती.

खाजगी खरेदीला आणखी एक मर्यादा आहे. दलदल विकत घेता येते, तिच्यात येणारे पाणी घेता येत नाही. नांदूर मध्यमेश्वरला कितीही भक्कम कुंपण घातले तरी नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीतून तेथे येणारच. सायखेडा-चांदोरीच्या बाजूला नदी झाकून टाकणारी जलपर्णी त्याच सांडपाण्यावर पोसते. वर गंगापूर, दारणा, पालखेड ही धरणे, खाली जायकवाडीचा हक्क. पाणथळीचे भवितव्य या सर्वांच्या हिशोबात ठरते, आणि तो हिशोब लोकशाहीतच मांडता येतो. अमेरिकेनेही अखेर हे ओळखले. तेथे १९३४ च्या कायद्याने बदकांची शिकार करणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येकाला दरवर्षी एक तिकीट विकत घेणे सक्तीचे झाले. त्या निधीतून आजवर सुमारे साठ लाख एकर पाणथळ क्षेत्र सार्वजनिक आश्रयस्थानांसाठी राखले गेले. क्लबच्या सभासदाचा पैसा क्लबपुरता राहतो. या तिकिटाचा पैसा, शिकाऱ्याच्या खिशातून आलेला असूनही, सर्वांच्या कामी आला.

तेव्हा आपली भूमिका काय असावी? नांदूर मध्यमेश्वरच्या काठी चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी अशी गावे आहेत. तेथे मासेमारीवर जगणारी भिल्ल-कोळी कुटुंबे आहेत, पाणी ओसरल्यावर गाळपेर करणारे आहेत, ज्यांच्या हरभऱ्यात क्रौंच उतरतात असे शेतकरी आहेत. या गावांच्या ग्रामसभांना आणि मच्छीमारांना व्यवस्थापनात सल्ल्यापुरते नव्हे तर निर्णयाचे स्थान मिळाले पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे; त्या समित्या कागदावरून गावात आणल्या पाहिजेत. नदीच्या पाणीवाटपात पाणथळीचा वाटा आकड्यांत नोंदला गेला पाहिजे. पक्ष्यांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. पक्षी जर साऱ्या जगाचा ठेवा असेल, तर त्याला पोसण्याचा खर्च एकट्या अल्पभूधारकाने का सोसावा? आणि नाशिकचे सांडपाणी शुद्ध झाल्याखेरीज नदीत सोडले जाऊ नये, ही मागणी शहरातील आपल्या साथींनी लावून धरली पाहिजे, कारण तिथे गावकऱ्यांचा आवाज पोहोचत नाही.

हे अशक्य नाही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ मच्छीमारच आपल्या होड्यांतून लोकांना रोहित पक्षी दाखवू लागले आहेत, आणि पक्षी टिकण्यात त्यांच्या घरची चूल गुंतली आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून जंगलाचा कारभार आपल्या ग्रामसभेकडे घेतला. जंगलाच्या बाबतीत जे मान्य झाले ते पाण्याच्या बाबतीत मान्य का होऊ नये?

मिळून विकत घेण्याचे स्वप्न पाहणाऱ्या त्या शिकाऱ्यांची मला थट्टा करावीशी वाटत नाही. एकट्याला जे झेपत नाही ते मिळून करावे, ही त्यांची बुद्धी चांगली आहे. फक्त त्यांच्या ‘मिळून’मध्ये वर्गणी देऊ शकणारेच येतात. ज्याच्याजवळ वर्गणीला पैसा नाही, पण ज्याचे जाळे त्या पाण्यात आहे, तो त्यात येत नाही. त्याला त्या शब्दात आणणे एवढेच आपले काम आहे. येत्या हिवाळ्यात तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी पक्षी पाहायला जरूर जावे. पण दुर्बीण खाली ठेवल्यावर काठावरच्या मच्छीमाराच्या घरीही जाऊन बसावे, आणि तो काय म्हणतो ते लिहून आणावे.