सूर्य सर्वांचा, उत्प्रेरक कोणाचा?

नाशिककरांना वीज म्हटली की एकलहऱ्याची धुराडी आठवतात. कोळसा जळतो, राख मागे उरते. सूर्यप्रकाशाने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवला, तर तो जळून पुन्हा पाणीच होते. हे शक्य आहे, असे जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ साली दाखवून दिले. अडचण आहे ती उत्प्रेरकाची! ही क्रिया वेगाने घडवणारे प्लॅटिनम, इरिडियम हे धातू दुर्मिळ आणि महाग. म्हणून निकेल, लोखंड, कोबाल्ट यांपासून स्वस्त व टिकाऊ उत्प्रेरक घडवण्याची जगभर धडपड चालू आहे.

हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा नाही. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हा आग्रह बाबासाहेबांनी १९४३ सालीच मजूर मंत्री म्हणून धरला होता. उत्प्रेरक महाग राहिला, तर हे इंधनही मूठभर भांडवलदारांच्याच हाती राहील.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आमचे संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानावर बसले होते. कारखानदाराला अनुदान आणि संशोधकाला धरणे, हा कुठला न्याय?

स्वस्त उत्प्रेरक प्रयोगशाळेतच सापडणार आहे. तेथे आमची मुले-मुली नसतील, तर उद्याच्या ऊर्जेचे आम्ही फक्त गिऱ्हाईक असू. म्हणून अधिछात्रवृत्ती वेळेवर आणि पूर्ण मिळालीच पाहिजे. ती खैरात नव्हे, हक्क आहे!